ओल्या मातीतही मान टाकलेली पीस लिली

पत्र: ताई, गेल्या आठवड्यात सोलापूर रोडवरच्या एका नर्सरीतून पीस लिली आणली. दोन पांढरी फुलं होती, पानं अशी चकचकीत की बघतच राहावं. त्याच संध्याकाळी काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतून काढली, मुळांची जुनी माती नळाखाली धुतली आणि मोठ्या पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंडीत लावली. त्या कुंडीला खाली भोक नाहीये म्हणून तळाला गोट्यांचा थर दिला. माती, कोकोपीट, गांडूळखत सगळं नवीन घातलं. दुसऱ्या दिवसापासून पानं लोंबायला लागली म्हणून रोज पाणी घालतेय, मध्ये एकदा लिक्विड खतही दिलं. आधी एसीच्या बेडरूममध्ये ठेवली होती, हवा शुद्ध होते म्हणतात म्हणून. मग बाल्कनीत नेली, आता हॉलमध्ये आहे. आज नववा दिवस, सगळी पानं कुंडीच्या काठावरून खाली आलीयेत आणि दोन पिवळी पडलीयेत. परत रिपॉट करू का? सगळी पानं कापू का? की मेलीच ती? सासूबाई म्हणतात माझ्या हाताला गुण नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटतंय. आणि असंच असेल तर दुसरं रोप आणावं की नाही?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: मेली नाहीये हो. नऊ दिवसांत दोनच पानं पिवळी पडली असतील आणि बाकीची लोंबत असली तरी हिरवी असतील तर ती अजून झगडतेय, आणि पीस लिली हे झाड चांगलं चिवट असतं. त्यामुळे आधी तो हाताला गुण नसल्याचा विचार डोक्यातून काढून टाका. तुमच्या रोपाला नेमकं काय झालंय हे तुमच्या पत्रातच लिहिलेलं आहे आणि त्यातली प्रत्येक गोष्ट तुम्ही मायेपोटी केलीये, फक्त सगळी एकाच आठवड्यात झाली.

पहिलं काम, आज पाणी घालू नका. उद्या सकाळीही नको, नव्या मातीत लावेपर्यंत. पानं कितीही केविलवाणी दिसली तरी नको. बाकीचं सांगते, पण हे आत्ता लगेच.

आता पानं का लोंबतात ते बघू, कारण ते एकदा कळलं की पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच सुचेल. झाड मुळांतून जेवढं पाणी ओढतं त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पानांतून वाफ होऊन हवेत जातं, स्वतःसाठी ते अगदी थोडंसं ठेवतं. म्हणजे वरून सतत जातंय आणि खालून सतत येतंय, हा हिशोब जुळला की पान ताठ राहतं. खालून येणं कमी झालं की पेशींमधला पाण्याचा दाब उतरतो आणि पान मान टाकतं. अळूची जुडी बाजारातून आणून ओट्यावर ठेवली की थोड्या वेळात कशी गळून जाते, तसंच हे, आणि गंमत म्हणजे पीस लिली अळूच्याच कुळातली आहे, सुरण आणि मनी प्लांटही त्याच घरातले. फरक इतकाच की जुडीला मुळंच नसतात आणि तुमच्या रोपाला मुळं आहेत पण ती सध्या काम करत नाहीयेत.

का करत नाहीयेत? एक तर मुळं धुतली. पाणी ओढायचं खरं काम जाड मुळं करत नाहीत, त्यांच्या टोकांजवळ अगदी बारीक मूलरोम असतात, एकेका पेशीचे, नुसत्या डोळ्यांना धुक्यासारखे दिसतील इतके नाजूक. ते मातीच्या कणांना चिकटून बसलेले असतात. माती नळाखाली धुतली, बोटांनी सोडवली की ते माती बरोबर निघून जातात. ते परत येतात, नवीन मूळ फुटलं की त्याच्यावर नवीन येतात, पण त्याला दिवस लागतात आणि तोपर्यंत झाड भरलेल्या कुंडीतसुद्धा तहानलेलं राहतं. रिपॉटिंगचा शॉक म्हणतात तो मुख्यतः हाच. एवढंच झालं असतं तर मी तुम्हाला म्हटलं असतं की शांत बसा, दोन-तीन आठवड्यांत सावरेल.

पण वरून रोजचं पाणी आणि खाली भोक नाही. मुळांनाही श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो, तो त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. त्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात आणि गुदमरलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून मग माती ओली गच्च आणि पानं मात्र तहानेने पडल्यासारखी, आणि आपण ती पडलेली पानं बघून आणखी पाणी घालतो. घरातली झाडं जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे, आणि यात माणूस अजिबात निष्काळजी नसतो, उलट तो रोज झाडाकडे बघत असतो.

गोट्यांबद्दल सांगते कारण हे इतक्या ठिकाणी सांगितलेलं असतं की लोकांना खरंच वाटतं. तळाला गोटे किंवा विटांचे तुकडे घातले की जास्तीचं पाणी त्यात उतरेल आणि माती कोरडी राहील, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. बारीक कणांची माती स्पंजासारखी पाणी धरून ठेवते आणि खाली मोठी पोकळी आली म्हणून ते सहजासहजी सोडत नाही, वरची माती पूर्ण गच्च झाल्यावरच पाणी गोट्यांत ठिबकायला लागतं. म्हणजे तो चिखलाचा पट्टा जो कुंडीच्या तळाशी राहिला असता तो गोट्यांच्या थराएवढा वर सरकला, मुळांच्या आणखी जवळ. आणि भोक नसल्यामुळे गोट्यांत उतरलेलं पाणीही तिथेच साचून राहिलं. भोकावर एक खापरीचा तुकडा ठेवायची आपली जुनी पद्धत आहे ती चांगली आहे, त्याने माती वाहून जात नाही, पण ती भोक असलेल्या कुंडीसाठी.

कुंडी मोठी घेतली हेही नडलं. छोट्या रोपाभोवती खूप माती असली की जिथे मुळं पोचलेलीच नाहीत तिथलं पाणी कोण ओढणार, ते दिवसेंदिवस तसंच ओलं राहतं. आधीच्या कुंडीपेक्षा एक-दोन इंच रुंद, बास. झाडाला मोठं घर दिलं की ते पटकन वाढेल असं वाटणं साहजिक आहे पण मुळांच्या बाबतीत हे उलटं असतं.

आणि जागा. पीस लिली मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण दमट जंगलांतली, मोठ्या झाडांच्या खाली वाढणारी. नर्सरीत ती हिरव्या शेडनेटखाली होती, शेजारी शंभर झाडं, दिवसातून पाणी शिंपडणं, हवा कायम दमट. तिथून ती आली मे महिन्यातल्या पुण्यात, जिथे दुपारी हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचे कपडे बघता बघता वाळतात, आणि त्यातही एसीच्या खोलीत, जिथे एसी उरलेला दमटपणाही खेचून घेतो. म्हणजे खालून येणं बंद आणि वरून जाणं दुप्पट. शिवाय दर दोन-तीन दिवसांनी उजेड बदलला. पानं ज्या उजेडात तयार होतात त्या उजेडाप्रमाणे घडलेली असतात, उजेड बदलला की झाडाला नव्याने जुळवून घ्यावं लागतं, त्याला काही आठवडे जातात. तुम्ही प्रत्येक वेळी तिला बरं वाटावं म्हणूनच हलवलं हे मला कळतंय, पण आता एक जागा ठरवा आणि महिनाभर तिथून हलवू नका.

हवा शुद्ध करण्याबद्दल थोडक्यात. १९८९ मध्ये नासाने केलेल्या प्रयोगांवरून हे सगळीकडे पसरलं, त्यात पीस लिलीही होती हे खरं, पण ते प्रयोग छोट्या सीलबंद पेट्यांमध्ये केलेले होते. आपल्या खोलीत दारं-खिडक्यांतून हवा जितकी खेळते तितकं काम एका कुंडीला जमणार नाही. त्यामुळे त्यासाठी म्हणून तिला अंधाऱ्या एसीच्या खोलीत ठेवायची गरज नाही, ती सुंदर दिसते एवढं कारण पुरेसं आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न, परत रिपॉट करू का. शॉकमध्ये असलेलं झाड परत उपटू नये, हे मी दर वेळी सांगते आणि त्यावर ठाम आहे. पण तुमच्या बाबतीत हो, काढा, एकदाच, आणि उद्या सकाळीच. भोक नसलेल्या कुंडीत साचलेल्या पाण्यात मुळं ठेवून वाट बघण्यात काही अर्थ नाही, तिथे वेळ तिच्या विरुद्ध जातोय.

कसं करायचं ते सांगते. कुंडी आडवी करा, झाडाचा बुंधा दोन बोटांच्या मध्ये धरा आणि मातीसकट अलगद बाहेर सरकवा, पानांना धरून ओढू नका. यावेळी मुळं धुवायची नाहीत. जी माती आपणहून गळून पडते ती पडू द्या. मग बघा. चांगली मुळं पांढरी किंवा फिकट बदामी असतात आणि दाबली तर टणक लागतात. सडलेली तपकिरी-काळी, मऊ, आणि ओढलं तर वरची साल निघून हातात नुसता दोरा राहतो, वासही कुबट येतो. सडलेली तेवढी कात्रीने कापा, कात्री आधी स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसून घ्या, मध्ये मध्येही पुसा. अर्धवट शंकास्पद वाटणारं मूळ ठेवा, सफाई करायच्या भरात चांगली मुळं जाऊ देऊ नका. वर दालचिनी, हळद लावायची की नाही असं पुष्कळ जण विचारतात, मला त्याची गरज वाटत नाही, हवा आणि निचरा मिळाला की बहुतेक काम होतं.

मातीचा गोळा फारच गच्च असेल तर जुन्या वर्तमानपत्राच्या जाड घडीवर सावलीत दोन-तीन तास ठेवा, कागद बरंच पाणी ओढून घेतो, ओला झाला की बदला. पानं त्या वेळात आणखी पडतील, घाबरू नका, वर एक ओलसर पातळ फडकं टाकून ठेवा.

कुंडी कुठली? ती काळी प्लास्टिकची फेकली नसेल तर तीच, माझ्या मते तीच सगळ्यात उत्तम. फेकली असेल तर साधारण सहा इंची मातीची किंवा प्लास्टिकची, खाली भोकं असलेली. मातीची घेतलीत तर आधी तासभर पाण्यात बुडवून ठेवा नाहीतर ती कोरडी कुंडीच मातीतलं पाणी शोषून घेते. मातीच्या कुंडीचा फायदा असा की तिच्या भिंतीतूनही ओलावा बाहेर जातो, आणि ज्यांना पाणी जास्त घालायची सवय आहे त्यांना ती सांभाळून घेते. तुमची पांढरी सिरॅमिकची वाया जात नाही, आतली कुंडी तिच्यात ठेवायची, खाली एक उलटी वाटी किंवा बशी ठेवून जरा उंच, आणि पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढून सिंकमध्ये घालायचं, निथळली की परत आत. किंवा हार्डवेअरच्या दुकानात टाइल्सला भोक पाडायचं ड्रिलचं बिट मिळतं, त्याने कुणाकडून तरी भोक पाडून घ्या, पण ते पुढे कधीतरी, आत्ता घाई नाही.

माती बदलायची. गच्च झालेली माती परत वापरू नका. भिजवून, एक-दोनदा पाण्यातून काढून घट्ट पिळलेलं कोकोपीट (त्यात कधी कधी मीठ असतं म्हणून धुवायचं), त्याच्या निम्मी साधी बागेची माती, आणि त्या मातीएवढंच पर्लाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे). पर्लाइट मिळत नसेल तर भाताचं तूस चालतं, किंवा लाकडी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे. मूठ दाबून उघडली की गोळा सहज फुटला पाहिजे. गांडूळखत यावेळी अजिबात नको. रोप आधी जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा, बुंधा पुरू नका, आणि माती ठोकून ठोकून बसवू नका, कुंडी जमिनीवर दोनदा हलकेच आपटली तरी पुरे. मग थोडंसं पाणी, माती मुळांना धरेल इतकंच, निथळू द्या आणि थांबा.

खताबद्दल जरा कडक बोलते. पुढचे पाच-सहा आठवडे कुठलंही खत नाही. एनपीके नाही, एप्सम सॉल्ट नाही, केळ्याच्या सालीचं पाणी, चहाची पूड, ताक, तांदळाचं धुवण, यातलं काही नाही. खत म्हणजे शेवटी क्षार, मातीतल्या पाण्यात क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणं आणखी अवघड होतं, जास्त झाले तर मुळांतलंच पाणी बाहेर येतं. खत हे वाढणाऱ्या झाडासाठी असतं, मुळं तुटलेल्या झाडाला ते वापरताच येत नाही. आणि स्वयंपाकघरातले जे पदार्थ असतात ते कुंडीत आधी कुजतात, त्यावर बारीक चिलटं येतात आणि मग तो वेगळा उपद्व्याप. तुम्ही एकदा दिलेलं लिक्विड खत माती बदलल्यावर निघून जाईल, त्याचं टेन्शन घेऊ नका.

दुसरा प्रश्न, पानं. सगळी कापायची नाहीत! हिरवं पान लोंबत असलं तरी उजेडात अन्न तयार करतच असतं, आणि नवीन मुळं फुटायला लागणारी ताकद तिथूनच येते. पिवळी झालेली दोन कापा, अगदी बुडापासून. मुळं अर्ध्याहून जास्त गेलेली निघाली तर मात्र बाहेरच्या बाजूची सगळ्यात जुनी दोन-तीन पानं कमी करा, म्हणजे उरलेल्या मुळांवरचा भार उतरतो. पण फुलं दोन्ही काढा, देठासकट. मला माहितीये जिवावर येईल, त्या फुलांसाठीच तर आणलं होतं, पण फुलं झाडाचं पुष्कळ खातात. आणि पुन्हा फुलं लवकर आली नाहीत तर निराश होऊ नका, व्यावसायिक उत्पादक बऱ्याचदा जिबरेलिक ॲसिड नावाचं संप्रेरक फवारून या रोपांना एकदम फुलवतात, म्हणजे विकायच्या वेळी ती फुललेली दिसतात. घरी ती आपल्या वेळेने फुलते.

जागा कुठली द्यायची तर खिडकीजवळ, जिथे भरपूर उजेड आहे पण ऊन थेट पानावर पडत नाही. पूर्वेची खिडकी असेल तर फारच छान, सकाळचं अगदी कोवळं ऊन तिला चालतं, पण आत्ता आजारपणात तेही पडद्याआडून. पश्चिमेच्या खिडकीतलं मे महिन्याचं ऊन पान जाळतं. सावलीतलं झाड म्हणून ते कोपऱ्यात टीव्हीमागे ठेवतात तेही नको, तिथे जगते कशीबशी, सावरत मात्र नाही. पंख्याच्या आणि एसीच्या झोतापासून लांब. हॉलमध्ये अशी जागा असेल तर हॉलच ठीक आहे.

दमटपणासाठी एक सोपी गोष्ट करा, मोठी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी झाडावरून सैलसर घाला, चार काड्या खोचल्या की पानांना चिकटत नाही. आत हवा दमट राहते, पानांतून जाणारं पाणी एकदम कमी होतं आणि मुळांना उसंत मिळते. दिवसातून दोनदा थोडा वेळ उघडा, नाहीतर बुरशी येते. ऊन मात्र त्या पिशवीवर एक क्षणही पडायला नको, आत भट्टी होते. आठवड्याभराने रोज जरा जास्त वेळ उघडी ठेवत ठेवत काढून टाका. पाऊस सुरू झाला की याची गरजच राहणार नाही, आपल्याकडची जून-जुलैची हवा तिला माहेरासारखी आहे. नुसता पाण्याचा फवारा मारत बसलात तर त्याचा दमटपणा काही मिनिटांत उडून जातो, त्यावर विसंबू नका.

पाणी कधी घालायचं हे वारावर ठरवू नका. बोट दोन पेरं आत घाला, तिथे कोरडं लागलं तरच. बोटाने कळत नसेल तर खराट्याची काडी खोचून पाच मिनिटांनी काढा, ओली माती चिकटून आली तर थांबा. आणि कुंडी उचलून बघायची सवय लावा, पाणी घातल्यावर किती जड आणि वाळल्यावर किती हलकी हे हाताला थोड्याच दिवसांत कळायला लागतं, मला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते. घालाल तेव्हा खालच्या भोकांतून येईपर्यंत घाला आणि बशीत साचलेलं ओतून टाका. फ्रिजचं गार पाणी नको. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर पानांची टोकं तपकिरी होतात, जमलं तर पिण्याचं गाळलेलं किंवा पुढे पावसाचं साठवलेलं वापरा.

इथे बाकीच्या वाचकांसाठीही एक गोष्ट, कारण पत्रं बरीच येतात आणि लक्षणं सगळी सारखीच लिहिलेली असतात. पान लोंबलं की आधी माती बघा. माती कोरडी आणि कुंडी हलकी असेल तर ती खरी तहान, पीस लिली तर पाणी मिळाल्यावर काही तासांत उभी राहते. पण कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी घेत नाही, ते कडेकडेने खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं घातलं की. अशा वेळी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबमध्ये बसवा. दुसरा एक फसवा प्रकार म्हणजे आपल्या नर्सऱ्यांमध्ये बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून वगैरे येतात, चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात. ती आपण भुसभुशीत मातीत लावली की पाणी त्या गोळ्याच्या बाजूने निघून जातं, बाहेरची माती ओली आणि मधला गोळा खडखडीत. बोट घालाल तर त्या मधल्या गोळ्यात घाला. आणि सगळ्यांना एकच औषध नसतं, फायकस जागा बदलली तरी पानं गाळतो आणि नंतर परत फुटतो, त्याला फक्त वेळ द्यायचा, स्नेक प्लांट किंवा जेड रिपॉट केलं तर उलट आठवडाभर पाणीच द्यायचं नाही, म्हणजे तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकतात.

तुमच्याकडे परत येते. पहिला आठवडा काही बदल दिसणार नाही, कदाचित आणखी एखाद-दुसरं पान पिवळं पडेल, ते आधीच्या नुकसानीचं असतं, नवीन बिघाड नसतो. तेव्हाच माणूस घाबरून काहीतरी करायला जातो, तेवढा आठवडा धीर धरा. लोंबलेल्या पानांतली काही उठतील, काही तशीच वाकलेली राहतील, तपकिरी झालेलं टोक पुन्हा हिरवं होत नाही, त्यावरून निष्कर्ष काढू नका. बघायचं ते मध्यभागी. तिथून सुरळीसारखं गुंडाळलेलं नवीन पान वर यायला लागलं की समजा खाली मुळं धरली. याला तीन आठवडे लागतील, महिनाही लागेल. दोन नवीन पानं पूर्ण उघडली की मग खत, तेही पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्या जोराचं.

आणि काढल्यावर मुळं जवळजवळ सगळीच सडलेली निघाली तर? तेव्हा बुंधा दाबून बघा, जिथून पानांचे देठ निघतात तो भाग. टणक असेल तर अजून आशा आहे, दोन-तीन आतली पानं ठेवून बाकीची काढा, अगदी छोट्या कुंडीत ओलसर कोकोपीट आणि पर्लाइटमध्ये बसवा, पिशवी घाला, त्या बुंध्यालाच नवीन मुळं फुटू शकतात. बुंधा मऊ पडला असेल आणि वास येत असेल तर मात्र ती गेली, आणि नुसतं पान पाण्यात ठेवून पीस लिली होत नाही, त्यात आठवडे घालवू नका. तसं झालं तर वाईट वाटू द्या, नऊ दिवस रोज जिच्याकडे बघितलं तिचं वाटणारच. सासूबाईंना मात्र कुंडीचा तळ दाखवा, भोक नसलेल्या कुंडीत कुणाच्याही हातचं झाड असंच पडलं असतं.

घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर कापलेली पानं जमिनीवर ठेवू नका, अळूसारखेच यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं तर तोंड-घसा भयंकर खाजतो आणि सुजतो. तुमच्याही हाताला खाज येत असेल तर हातमोजे घाला.

दुसरं रोप आणायचं तर जरूर आणा, पण शक्यतो पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर, आणि फुलांनी भरलेलं घेण्यापेक्षा मध्ये नवीन पानं निघतायत असं घ्या. कुंडी उचलून खालची भोकं बघा, पांढरी मुळं डोकावत असतील तर उत्तम. पानांच्या मागे पांढरी कापसासारखी कीड (मिलीबग) नाही ना ते तपासा. आणताना रिक्षात किंवा स्कूटरवर वारा लागणार नाही असं वर्तमानपत्रात गुंडाळून आणा, कारण त्या एका प्रवासातही पानं चांगली सुकतात. आणि घरी आल्यावर ती काळी प्लास्टिकची कुंडी कितीही कळकट दिसली तरी दोन-तीन आठवडे तशीच राहू द्या, पांढऱ्या सिरॅमिकच्या आत ठेवली की बाहेरून कुणाला दिसतही नाही. उद्या मुळं बघितल्यावर उजेडात फोटो काढा आणि पाठवा, कुठली कापायची कुठली ठेवायची ते मी सांगते.